हौदातलं जिरं : पंचविसावा दिवस

मागच्या नोंदीत माशांच्या जिऱ्याची, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांची, ‘पहिली खेप निम्मी गेली’ एवढंच लिहून सुटलो होतो. कारण आता उमगलंय, आणि चूक माझीच.

तासगावजवळ आमच्या द्राक्षबागेच्या कडेला दहा बाय सहाचा सिमेंटचा हौद आहे. जुलैत त्यात रोहू-कटल्याचं मिश्र जिरं सोडलं, तीन दिवसांचं, जेमतेम ६-७ मिलिमीटर. पोटातल्या बलकाची शिदोरी संपलेली, म्हणून घाईने शेंगदाणा पेंडीची पूड टाकली. वस्त्रगाळ नव्हती. त्यांच्या तोंडाला ते दगडच! सगळी तळाला बसून कुजली, पाण्याला आंबूस वास सुटला.

दुसऱ्या खेपेला आधी शेण कालवून टाकलं आणि आठवडाभर पाणी हिरवट होऊ दिलं. मग काचेचा पेला भरून उन्हात धरला. पांढरे ठिपके झटके देत वर-खाली! हे बारीक जीव म्हणजेच पिल्लांचं पहिलं खाणं. मगच जिरं सोडलं. चौथ्या दिवशी एक पिल्लू चमच्यात घेतलं, तर अंग काचेसारखं आणि पोटात काळसर रेघ. जेवलं होतं पठ्ठं.

चतुराच्या अळ्या मात्र वैरी. एकीने माझ्यादेखत पिल्लू पकडलं. जाळीने अकरा काढल्या, तरी रोज बघतो.

आठव्या दिवसापासून पेंड आणि भाताचा कोंडा समसमान, वस्त्रगाळ करून, सकाळी चिमटी-चिमटीने. मध्ये दोन दिवस आभाळ भरलेलं, पाण्यातला प्राणवायू कमी पडून पहाटे सगळी वर येऊन तोंडं उघडत होती. खाणं बंद केलं आणि बादलीने उंचावरून पाणी ओतत बसलो.

आता बरीचशी २५ मिलिमीटरची झालीत. लहानपणी सगळ्यांचं ताट एकच होतं, आता पंगती वेगळ्या व्हायला लागल्या. मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू जरा खाली. पण काही ३५ ची, तर काही १८ वरच अडकलेली. दांडगी आधी पोचतात, किरकोळ उपाशी.

आजी विचारते, “ह्यास्नी पिलं कवा व्हायची?” दोनेक वर्षांनी वयात येतील म्हटलं, पण साचलेल्या हौदात अंडी घालणार नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हे कोडं सोडवलं, तेव्हापासून जिरं मत्स्यबीज केंद्रांवर तयार होतं. आजी म्हणाली, “मग डाक्टरला बोलवायला लागंल की.”

परवा मच्छरदानीच्या तुकड्याने किरकोळ पिल्लं शेजारच्या टाकीत हलवणार आहे.