झेंडू आणि त्याची झुरळं

लेकीला सरडा हवा होता आणि तो रंगीत हवा होता, बाकी तिची काही अट नव्हती. आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. इथे जवळच टिनली पार्कला सरपटणाऱ्या प्राण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे बेअर्डेड ड्रॅगन या सरड्याची पिल्लं डब्याडब्यांतून मांडलेली: लाल, लिंबू-पिवळी, नारिंगी, पार पांढरटसुद्धा. मूळचा हा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला मातकट प्राणी. तो देश आपले वन्य प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे इथे विकतात ते पिढ्यान् पिढ्या माणसांकडेच जन्मलेले, आणि हे भडक रंग जोड्या निवडून आणलेले.

पिल्लाच्या रंगावर मी जात नाही. कात टाकता टाकता तो बदलतो, वर्षभर तरी स्थिरावत नाही. शिवाय गारठलेला ड्रॅगन ऊब शोषायला अंग काळपट करतो, तापला की उजळतो. विक्रेत्याच्या दिव्याखाली तो पिवळाधमक दिसणारच! त्यापेक्षा आईबापाचे फोटो मागावेत. मी पाहिलं ते डोळे टपोरे आहेत का, चालताना पोट उचलतो का, आणि बोटांना, शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकून काळं पडलंय का. शेजारी खवलेच नसलेली सिल्कबॅक होती. दोन लेदरबॅकची, म्हणजे बारीक खवल्यांच्या गुळगुळीत ड्रॅगनची, जोडी लावली की काही पिल्लं अशी निघतात. दिसायला देखणी, पण कातडी जरा ओरखड्याने फाटते. असलं सौंदर्य मला नको. आम्ही नारिंगी नर घेतला, नाव झेंडू.

खरा खर्च पुढे. चार फुटी काचेचं घर, आणि प्राण्यापेक्षा महाग यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा. खिडकीतल्या उन्हावर भागत नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. ते मिळालं नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो. ट्यूब पेटती दिसली तरी तिच्यातलं यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून वर्षभरात बदलायची. बसायचा दगड एका टोकाला ४० अंशांच्या आसपास, दुसरं टोक २५-२७ला. नुसती हवा मोजू नका, दगड मोजा.

आता झुरळं, म्हणजे झेंडूचं खाणं. आम्ही शाकाहारी, आणि गॅरेजमध्ये डुबिया झुरळांचा डबा! "विकत घेतेस?" साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा द्यायचा नाही, वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. मोठा होईल तसा पाला वाढवायचा: कॉलर्ड, मोहरीची पानं, किसलेला भोपळा. पालक रोज नाही, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. आणि काजवा कधीच नाही. इथे उन्हाळ्यात अंगणभर काजवे असतात, आणि एकच पोटात गेला तरी ड्रॅगन मरू शकतो. संध्याकाळी झेंडूला बाहेर न्यायला लेकीला सक्त मनाई आहे.

त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात, आणि त्याची अंघोळ स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही म्हणजे नाही.

नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो म्हणतात. लेक त्याआधीच कॉलेजला जाईल. झुरळांना गाजराच्या साली तेव्हाही मीच घालणार, हे आत्ताच दिसतंय.