गीक आणि भैताड

२५ मे, रात्र

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. दुपारी दोनला गल्लीत कुत्रंही नव्हतं, आणि आमचा भाचा खिडकीबाहेरच्या कूलरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा. गेल्या उन्हाळ्यात टाकी आटली, मोटर कोरडीच चालत राहिली आणि जळाली. तेव्हापासून हा किडा त्याच्या डोक्यात. आता टाकीत दोन तारा सोडल्यात. पाणी त्यांच्या खाली गेलं की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, मोटर बंद करतो आणि मोबाइलवर मेसेज येतो.

आई म्हणाली, "पाणी संपलं तर मी आवाज देईन ना. भैताड आहे हे पोट्टं!"

"आजी, भैताड नाही, गीक म्हणतात. आज तर आमचा दिवस आहे."

खरंच आहे. २००६ मध्ये स्पेनमधल्या गीक मंडळींनी २५ मे हा आपल्या अभिमानाचा दिवस म्हणून साजरा करायला सुरुवात केली. नेमका नवतप्याच्या पहिल्या दिवशी! त्यांना कुठे माहीत असणार म्हणा.

रात्री झोप येईना म्हणून शब्दाचं मूळ शोधत बसले, आणि हसूच आलं. गीक आला जर्मन-डच वळणाच्या ज्या शब्दातून, त्याचा अर्थ मूर्ख, वेडगळ. म्हणजे भैताडच की! पुढे अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसाला गीक म्हणत. त्यानंतर वर्गात एकटं बसणाऱ्या, विचित्र वाटणाऱ्या पोरांना चिडवायला तो वापरात आला. मग कॉम्प्युटर आले, त्या पोरांचे दिवस फिरले. २०१३ साली कॉलिन्स शब्दकोशाने गीक हा वर्षाचा शब्द निवडला.

नागपुरात मिहानमधल्या आयटी कंपन्यांत नोकरी करणारा प्रत्येक जण गीक नव्हे, त्याला टेकी म्हटलं की भागतं. पगार असो-नसो, जो वस्तू उघडून पाहिल्याशिवाय राहत नाही तो गीक. नर्ड मला पुस्तकी किड्याच्या जवळचा वाटतो. आपल्याकडे खटपट्या आहे, नादिष्ट आहे, पण गीकच्या सगळ्यात जवळ जातो तो आपला 'वेडा'. नुसता म्हटला तर शिवी, मागे ध्येय किंवा नाट्य जोडलं की सत्कार. मात्र स्वतःच स्वतःला ध्येयवेडा म्हणवणारा माणूस मला पटत नाही. स्वतःला गीक म्हणवणाराही नाही. (भाच्याला हे सांगितलं नाही.)

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांची मोटर कालच जळाली म्हणे. आई कौतुकाने म्हणाली, "आमचं भैताड येईल न पाहायला. पण आधी जेवू दे त्याले."