मेरीलँडमधलं मुलींचं लॅक्रॉस: कोचची कसरत आणि पालकांचं काम

मार्च लागला की अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या हायस्कूलांत मुलींच्या लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याच्या खेळाचा, सीझन सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. या राज्याने 2004 मध्ये लॅक्रॉसला आपला अधिकृत सांघिक खेळ ठरवलं. मुलींचा खेळ इथे त्याच्याही कितीतरी आधीचा. बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो 1926 मध्ये सुरू केला. त्यामुळे एकाच टीममध्ये पहिली-दुसरीपासून खेळणारी मुलगी असते आणि नववीत पहिल्यांदाच स्टिक धरणारीही. आपल्या मराठी घरांतल्या मुली बहुधा दुसऱ्या गटातल्या. कोच अनेकदा शाळेतलाच शिक्षक, सीझनपुरतं ठरावीक मानधन घेणारा. त्याला या दोघींना एकाच दोन तासांच्या प्रॅक्टिसमध्ये शिकवायचं असतं.

नवख्या मुलीचं घोडं सहसा डाव्या हाताशी अडतं. स्टिक मनगटाने झुलवत चेंडू जाळीत राखायचा, याला क्रेडल म्हणतात. उजव्या हाताने ते आठवडाभरात जमल्यासारखं वाटतं. सामन्यात समोरची बचावपटू तिला मुद्दाम डावीकडे ढकलते आणि चेंडू पडतो. याला उपाय भिंतीवर चेंडू मारून झेलण्याचाच: भिंतीपासून पाच पावलांवर उभं राहून उजव्या हाताने 50 झेल, डाव्याने 50, मग हात बदलत 25. रोज पंधरा मिनिटं पुरतात. वरचा हात स्टिकच्या मानेशी आवळून धरला तर चेंडू आपटून बाहेर उडतो. म्हणून पकड सैल हवी आणि चेंडू येताना स्टिक किंचित मागे घ्यायला हवी. शाळेच्या प्रॅक्टिसमध्ये प्रत्येकीला एवढे झेल मिळतच नाहीत, त्यामुळे हे घरीच व्हावं लागतं. पालकांनी खेळात घालण्यासारखं लक्ष खरं तर इथे आहे.

प्रत्यक्षात ते लक्ष साइडलाइनवरून ओरडण्यात जातं, आणि निम्मं ओरडणं नियम माहीत नसल्यामुळे असतं. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट, पॅड आणि धक्काबुक्की असते. मुलींच्या खेळात गॉगल आणि माउथगार्ड सक्तीचे, पण अंगावर जाणं फाउल. प्रतिस्पर्धी मुलीच्या डोक्यावर स्टिक लागली की पिवळं कार्ड, आणि टीम दोन मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळते. सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो ‘शूटिंग स्पेस’वरून. हल्ला करणारी मुलगी गोलवर मारायच्या बेतात असताना कुणाला मार्क न करणारी (म्हणजे कुणावर जवळून पहारा न ठेवणारी) बचावपटू तिच्या आणि गोलच्या मधल्या रेषेत आली, की पंच शिट्टी वाजवतात. कुणी कुणाला हातही लावलेला नसतो, म्हणून पालकांना तो अन्याय वाटतो. पण हेल्मेट नसलेल्या मुलीच्या तोंडावर कडक रबरी चेंडू बसू नये यासाठीच तो नियम आहे. साइडलाइनवरून ‘मध्ये जा, अडव तिला’ असं ओरडणारे पालक नकळत आपल्याच मुलीला धोक्यात ढकलत असतात.

दुसरा गोंधळ सेल्फ-स्टार्टचा. गोलपासून दूर किरकोळ फाउल झाला, की जिच्यावर झाला ती पुन्हा शिट्टीची वाट न पाहता तिथूनच धावू शकते. नवख्या मुली थांबून राहतात. त्यात बाहेरून ‘थांब, थांब’ ऐकू आलं तर त्यांचा पायच उचलत नाही.

कामं हवी असतील तर ती भरपूर आहेत. यजमान टीमला टेबलावर गुण लिहायला आणि घड्याळ चालवायला माणसं लागतात. तिथे बसलं की टाळ्या, जल्लोष बंद. सामन्यांचं चित्रीकरण करणं, मुलींची ने-आण वाटून घेणं, बाहेरगावच्या सामन्याआधी खाणं पोहोचवणं ही कामंही असतात. अकराला जेवलेल्या मुली साडेचारच्या सामन्यात गळून जातात, म्हणून दोनच्या सुमारास केळी, सँडविच, पाणी हवंच. शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू मात्र आधी विचारल्याशिवाय नेऊ नका. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जिवावर बेतू शकते.

डोक्याला मार बसला असेल तर मात्र कुणाचीच घासाघीस चालत नाही. कन्कशनचा, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला की त्या दिवसापुरता खेळ संपला. परत यायला वैद्यकीय तज्ज्ञाची लेखी परवानगी लागते, आणि मग पायरीपायरीने सराव वाढवायचा, प्रत्येक पायरीला किमान 24 तास. ‘ती ठणठणीत आहे, फायनल तेवढी खेळू द्या’ असं म्हणणाऱ्या पालकांपुढे कोचने नमू नये.

राहिला खेळायला मिळणाऱ्या वेळेचा प्रश्न. कोचकडे सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात. हिशेब साधा आहे. 12 मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे 48 मिनिटं. गोलकीपर सोडून 11 जणी मैदानात, म्हणजे वाटायला एकूण 528 मिनिटं. टीममध्ये अशा 21 मुली असतील तर अगदी समान वाटणीतही प्रत्येकीला जेमतेम 25 मिनिटं येतात. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, समान वाटणी नसतेच. जेव्हीत, म्हणजे धाकट्या टीममध्ये, ती बरीच जवळ जाते. म्हणून नवख्या मुलीला व्हर्सिटीच्या बाकावर बसवण्यापेक्षा एक वर्ष जेव्हीत खेळू द्यावं, असं आमचं ठाम मत आहे. मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी (हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात, तेव्हा कोणते सराव चुकणार हे एप्रिलमध्येच कळवलं तर कोचला त्यानुसार जागा लावता येतात.

आपल्याकडे मुलांसाठी आई-बाबाच शाळेत जाऊन सरांशी बोलतात. इथे हायस्कूलच्या मुलीने स्वतः बोलावं अशी अपेक्षा असते. सामना संपल्यावर 24 तास कुणी पालकाने कोचशी सामन्याबद्दल बोलायचं नाही, हा नियम बहुतेक टीम पाळतात. त्यानंतर मुलीने प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं मागून घ्यावीत. ‘मला का खेळवत नाही?’ या प्रश्नावर कोचला फक्त बचाव करता येतो. ‘मिडफिल्डला खेळण्यासाठी माझ्यात काय कमी आहे?’ असं विचारलं की ठोस उत्तर मिळतं: डावा हात, जमिनीवरचा चेंडू उचलताना वाकणं, बचावाला परतताना लागणारा वेळ. दोन आठवड्यांनी तिनेच पुन्हा विचारावं. तरीही सुटलं नाही तर पालकांनी वेळ ठरवून, मुलीला शेजारी बसवून बोलावं. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं नाव त्या बैठकीत काढू नये. ॲथलेटिक डायरेक्टरकडे, म्हणजे शाळेच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाकडे, जायचं ते त्यानंतर.