दाणे, पेज आणि इंग्लंडातली नातवंडं

इंग्लंडात लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या गोव्यातल्या, डिचोली-फोंड्याकडच्या आज्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "दाणे? एवढ्याशा पोराला? बाधतील गो!" आजीचा व्हिसा सहा महिन्यांचा, त्यामुळे उष्टावण बहुधा तिच्या मुक्कामातच येतं, आणि घरातली पहिली चकमक याच मुद्द्यावर झडते. यात आजीला हसण्यासारखं काही नाही. १९९८ साली ब्रिटिश सरकारचा सल्लाही हाच होता: घरात दमा, एक्झिमा (इसब), अ‍ॅलर्जी असेल तर मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. हा सल्ला २००९ साली मागे घेतला.

उलटी हवा वाहायला लागली ती २००८ साली. ब्रिटनमधल्या ज्यू शाळकरी मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के, तर इस्रायलमधल्या ज्यू मुलांत ०.१७ टक्के आढळली. इस्रायलमध्ये दात न आलेली बाळंही 'बांबा' नावाचे दाण्याचे कुरकुरे चघळतात. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गिडियन लॅक यांच्या गटानं 'लीप' चाचणी केली. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा बंद, निम्म्यांना नियमित चालू. २०१५ साली निकाल आला. सुरुवातीला शेंगदाण्यासाठी केलेल्या त्वचेच्या चाचणीत काहीही न दिसलेल्या बाळांपैकी बंदीच्या गटात १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्या गटात १.९ टक्के. त्वचेची चाचणी कशीही आलेली असो, दोन्ही गटांतल्या एकूण मुलांपैकी बहुतेकांना किशोरवयात पुन्हा तपासलं. २०२४ साली आलेले ते आकडे होते १५.४ आणि ४.४ टक्के. पाच वर्षांनंतर खाण्यात खंड पडला तरी संरक्षण बहुतेक टिकलं होतं.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. दाण्यातलं प्रथिन पोटातून गेलं तर शरीर त्याला आपलं मानायला शिकतं. तेच फुटलेल्या, खाजऱ्या कातडीतून आत शिरलं तर शरीर त्याला शत्रू ठरवतं. म्हणजे मोठ्यांनी चटणी खाऊन त्याच हातानं बाळाच्या एक्झिम्यावर मलम चोळायचं आणि बाळाच्या तोंडात मात्र दाणा जाऊ द्यायचा नाही, ही सर्वांत वाईट जोडी. मलमाआधी हात साबणानं धुवा. घाण्याचं शेंगदाणा तेल अशा त्वचेवर मालिशला नकोच, त्यात प्रथिनाचे अंश राहतात.

आता कृती. बाळ साधारण सहा महिन्यांचं, मान सावरणारं, पेज किंवा केळं आधी पचवलेलं हवं. एक्झिमा तीव्र असेल किंवा अंड्यानं त्रास झाला असेल तर घरी प्रयोग नको. आधी डॉक्टरांना विचारून त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करायची. बाकीच्यांनी दाणे खमंग भाजून, सालं काढून मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावेत. आधी कूट होईल, तिथे थांबू नका. तेल सुटून लोण्यासारखं गुळगुळीत होईपर्यंत वाटा. कूट बाळाच्या घशात अडकतं आणि घट्ट लोणी टाळूला चिकटतं, म्हणून दोन चमचे (चहाचे) लोण्यात दोन-तीन चमचे गरम पाणी घालून सरसरीत करा, निववा आणि उकड्या तांदळाच्या घोटलेल्या पेजेत मिसळा. मीठ, गूळ काही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको. बाजारचं पीनट बटर घेतलंत तर साखर-मीठ नसलेलं, गुळगुळीत घ्या. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही.

पहिल्या दिवशी बाळ ठणठणीत असावं, सर्दी-ताप नको, लस टोचून आलेलं नको. वेळ सकाळची. चमच्याच्या टोकावर एवढंसं द्या, दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर बाकीचं सावकाश भरवा आणि पुढचे दोन तास एका मोठ्या माणसानं बाळावरच लक्ष ठेवा. तोंडाला लागलेलं पुसल्यावर नुसती लाली राहिली तर घाबरायचं नाही. डास चावल्यासारख्या गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी दिसली तर थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. सततचा खोकला, घरघर, बाळ पांढरं पडणं किंवा गळून जाणं म्हणजे लगेच ॲम्ब्युलन्स: इंग्लंडात ९९९, गोव्यात १०८. तोवर बाळाला आडवं धरायचं. घाबरून खांद्यावर उभं धरून फेऱ्या मारणं घातक, रक्तदाब आणखी ढासळतो.

फसतं ते पुढे. एकदा दिलं, काही झालं नाही, संपलं, असं बहुतेक घरांत होतं. 'लीप'मध्ये आठवड्याला निदान ६ ग्रॅम दाण्याचं प्रथिन, तीन किंवा जास्त वेळांत वाटून दिलं होतं. वरचे दोन चमचे म्हणजे साधारण २ ग्रॅम. म्हणजे आठवड्यातून तीनदा, पाच वर्षांपर्यंत. हे जड जातं, हे मान्य करायला हवं: सहा पदार्थ लवकर सुरू करणाऱ्या 'ईट' या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत (२०१६) निम्म्याहून कमी आयांना वेळापत्रक पाळता आलं. त्यामुळे सोमवार-बुधवार-शनिवार असे वार लावून घेतलेले बरे. उरलेलं लोणी फ्रीजमध्ये ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात तर दाणेच आधी निवडा: सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास मारणारे फेकून द्या, भाजल्यानं त्यातलं विष पुरतं जात नाही.

आणि काजू. दाणे खाल्ल्यानं काजूच्या अ‍ॅलर्जीपासून संरक्षण मिळत नाही, शेंगदाणा तर डाळींच्या कुळातला. काजूचा सख्खा भाऊ पिस्ता. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना बहुधा दुसऱ्याचीही असते. ओले बिबे (कोवळे काजू) सोलताना बोटं सोलवटतात ती टरफलाच्या तेलाची भानगड, तिचा याच्याशी संबंध नाही. बॅगेतून आणलेले काजूगर बाळाला द्यायचे तर वेगळ्या दिवशी, दाण्यांसारखेच वाटून आणि पहिल्यांदा चमच्याच्या टोकावरच.