खारी टाकी आणि खान्देशचं ऊन

आज भुसावळात ऊन इतकं तापलं की समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत बोटभर उतरलं. खाऱ्या टाकीची खरी परीक्षा इथेच असते. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं; सकाळी १.०२५ (सापेक्ष घनता) दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, रात्री १.०२६ दाखवतो. नवखे अशा वेळी मिठाचंच पाणी ओततात आणि खारेपणा आणखी चढतो. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची, थोडी थोडी. बोअरचं पाणी नकोच, त्यात नायट्रेट असू शकतं.

पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागतात. बर्फ टाकू नका, तापमान एकदम पडलं की मासा आजारी पडतो. झाकण काढून जाळी लावा, छोटा पंखा पाण्यावर तिरका सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच काम होतं, दोन-तीन अंश सहज उतरतात. भर मात्र जास्त घालावी लागते.

लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. आणि नवी टाकी असेल तर पाण्यातले माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट दोन्ही तपासणीत शून्य येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, कृपा करून क्लाऊनफिश आणू नका.