भिंतीवरचा विज्ञानाचा तास

आज सातवीच्या पोरांना इनडोअर क्लाइंबिंगच्या वॉलवर नेलं आणि घर्षणाचा धडा थेट त्यांच्या बोटांत उतरला बघा. हाताला लावायची पांढरी पावडर बघून बेळगावजवळच्या येळ्ळूरची एक पोरगी लगेच विचारते, सर, हा आपला खडूच की? मग तिथंच सांगितलं, हे मॅग्नेशियम कार्बोनेट, घाम शोषून घेतं म्हणून पकड सुटत नाही, फळ्याचा खडू कॅल्शियमचा. तिनं काय करावं, एका हाताला पावडर लावली, दुसरा तसाच ठेवला आणि होल्ड, म्हणजे भिंतीवरची धरायची खुंटी, धरून बघितला, हा प्रयोग तिला कुणी सांगितला नव्हता बरं का!

गणित तर आपोआपच आलं, स्पीड क्लाइंबिंगची भिंत १५ मीटर, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष ५ सेकंदांच्या आत वर, म्हणजे सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त, पोरांनी तोंडीच काढलं. कोच कन्नडमधून ओरडायचे, एडगाल, बलगाल, म्हणजे डावा पाय, उजवा पाय, आणि कन्नडच्या तासाला गप्प बसणारी आमची मराठी मिडियमची पोरं बरोब्बर तोच पाय उचलत होती. लई भारी वाटलं.

उद्या भूगोलाला राजहंसगडाचा चढ घेणार, समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आता पटकन कळतील.