दहावी फ्रेम

फोटोत रायडर हवेत आहे. मागचं चाक बाजूला फेकलेलं, हँडल उलट्या दिशेला वळलेलं, आणि त्याच्या खांद्याला लागूनच पूर्ण उलगडलेला पिवळा झेंडा. मोटोक्रॉसमध्ये हलता पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे: ओव्हरटेक नाही, उडी नाही, ढिगाऱ्यावरून गाडी जमिनीला धरून सावकाश पलीकडे न्यायची. नवख्या गटातल्या पोरांनाही हे पाठ असतं. त्यामुळे तो फोटो बघून कुणालाही निकाल द्यायला दोन सेकंद पुरले असते, आणि त्या रविवारी तो तसाच दिला गेला. फोटो मी काढलेला होता.

ट्रॅक मावळातला, मुरमाचा. आयोजकांकडून आलेला फोटोग्राफर म्हणून मी तिथे होतो. अशा कामाची पद्धत हल्ली सगळीकडे सारखीच आहे. कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल, आणि छोटं जेपेग दोन्ही साठवायचं, जेपेग वायफायने मोबाइलवर घ्यायचं आणि तिथून सोशल मीडियाच्या टेबलाकडे पाठवायचं. कुठली फ्रेम बाहेर जाणार ते टेबलावरची मंडळी ठरवतात. त्यांना उडी लागते, व्हिप, म्हणजे हवेत गाडी आडवी फेकणं, लागते, रंग लागतो. दहाव्या फ्रेममध्ये तिन्ही होतं. सवयीप्रमाणे त्यांनी खालची जमीनही कापली. हे एकदा बोलूनच टाकतो: उडीच्या फोटोत टेकऑफचा कडा किंवा लँडिंगचा उतार दिसला नाही, तर गाडी तीन मीटर वर आहे की तीस सेंटिमीटर, हे कळायला मार्ग नसतो. मी गुडघ्यावर बसून, कपडे मातीत घालून तो कडा फ्रेममध्ये आणतो आणि एसीतला कुणीतरी बोटाने तो उडवतो.

उडी होती साधारण पंधरा मीटरची डबल, म्हणजे एका ढिगाऱ्यावरून उडून दुसऱ्यावर उतरायचं. मी लँडिंगच्या पुढे, आतल्या बाजूला, टेकऑफच्या लिपपासून, म्हणजे चढाच्या वरच्या कडेपासून, साधारण ४५ मीटरवर. ट्रॅकवर जागा निवडताना फोटोच्या आधी पाय बघायचे. बर्मच्या, म्हणजे वळणावरच्या मातीच्या बांधाच्या, बाहेरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही, कारण चुकलेला रायडर तिकडेच येतो. लँडिंगच्या थेट रेषेत बसायचं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासायचे ते पूर्ण घोळका निघून गेल्यावर, आणि तेव्हाही ट्रॅककडे पाठ करून नाही. आणि झेंडेवाल्या मार्शलच्या आणि रायडरच्या नजरेच्या मध्ये यायचं नाही. लांब लेन्स लावलेला माणूस स्वतःला अदृश्य समजतो, हा अनुभव नव्या मुलांकडे बघून वारंवार येतो.

सेटिंग सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे. १००-४०० ची लेन्स २५० मिलिमीटरवर, शटर १/१६००, एफ/५.६, आयएसओ ६४०, सगळं मॅन्युअल. ऊन उतरत होतं आणि उडीला पार्श्वभूमी आकाशाची. इथे मोजमाप कॅमेऱ्यावर सोडलं तर तो आकाश बघून एक्स्पोजर खाली खेचतो आणि रायडर काळा ठिपका होतो. म्हणून रायडरच्या सावलीतल्या बाजूवर मोजून घ्यायचं आणि आकाश थोडं उडालं तर उडू द्यायचं. छिद्र एफ/२.८ ला उघडण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण २०० मिलिमीटरवर, वीस मीटरवरून, एफ/२.८ ला फोकसची खोली जेमतेम पावणेदोन मीटर मिळते आणि गाडीच त्याहून लांब असते. समोरून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट धारदार आणि हेल्मेट मऊ, असे फोटो मग ढिगाने जमतात.

१/१६०० का, तर उडीत दोन्ही चाकं, हात, माती सगळं गोठवायचं असतं. कोपऱ्यात मी १/६४० पर्यंत खाली येतो, म्हणजे मागच्या चाकामागून उडणाऱ्या मातीच्या, ज्याला सगळे रूस्ट म्हणतात, रेघा उमटतात. पॅनिंग, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, सपाट सरळ भागावर, १/१२५ किंवा त्याहून खाली. यामागे हिशेब आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १/१००० सेकंदात पावणेदोन सेंटिमीटर सरकते, १/१२५ मध्ये तेरा. एकवीस इंची पुढचं चाक त्या वेगाला सेकंदाला पावणेआठ फेऱ्या मारतं, म्हणजे १/१००० मध्ये तीन अंशांहून कमी फिरतं. छत्तीस स्पोकच्या चाकात दोन स्पोकमधलं अंतर दहा अंश. म्हणून १/१००० ला प्रत्येक स्पोक मोजता येतो आणि गाडी उभी करून फोटो काढल्यासारखी वाटते. १/१२५ ला चाक बावीस अंश फिरतं, स्पोक विरघळतात आणि वेग दिसतो. उडीवर मात्र पॅनिंग क्वचितच जमतं. गाडी आडवी सरकताना वरही चढते आणि लेन्समधलं आडव्या पॅनिंगचं स्टॅबिलायझेशन तिथे गोंधळतं.

फोकस कंटिन्युअस, बटण मागचं, आणि पाठलागाची संवेदनशीलता ‘मध्ये अडथळा आला तरी सोडू नकोस’ या टोकाला. नव्या कॅमेऱ्यांना मोटरसायकल आणि हेल्मेट ओळखता येतं. तरी रूस्टचा एक मोठा ढेकूळ किंवा फडकणारा झेंडा मध्ये आला की तेही भुलतात. लिपमागून रायडर अचानक उगवतो, त्यामुळे आधी रिकाम्या लिपवर फोकस धरून ठेवायचा, हेल्मेटचं टोक दिसलं की बटण दाबून पाठलाग सुरू करायचा.

आणि घड्याळ. दोन कॅमेरे घेऊन काम करणाऱ्याने सकाळी दोन्हींवर मोबाइलच्या सेकंदकाट्याचा फोटो काढावा. किती फरक आहे ते कळतं आणि नंतर जुळवता येतं. त्या दिवशीही ते केलं होतं. कॅमेरा फोटोच्या माहितीत सेकंदाचा शंभरावा भागही लिहून ठेवतो, हे बऱ्याच फोटोग्राफरांच्या गावीही नसतं. लग्नाच्या अल्बममध्ये कुणाला लागणार?

दुसऱ्या मोटोच्या, म्हणजे दिवसातल्या दुसऱ्या शर्यतीच्या, शेवटच्या फेऱ्यांमध्ये लँडिंगनंतरच्या वळणावर एक मुलगा पडला. मागून आलेल्या रायडरने उडी मारली आणि शर्यतीत तो तिसरा आला. अर्ध्या तासात सोशल मीडियावर दहाव्या फ्रेमची पोस्ट पडली, आणि चौथ्या आलेल्या मुलाच्या गोटातून लेखी तक्रार गेली, सोबत मोबाइलवर माझा फोटो. दंडाचा निर्णय जवळजवळ झालाच होता. तेवढ्यात तिसऱ्या आलेल्या मुलाचे वडील पॅडॉकमध्ये मला शोधत आले. “साहेब, आधीचे पण फोटो असतील ना तुमच्याकडे? एकच कसा असेल?” गर्दीतल्या एकाही माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता, अधिकाऱ्यांनाही नाही. “आहेत काका, पण मी तुम्हाला नाही देणार, सरांना देतो,” म्हणालो आणि लॅपटॉप घेऊन रेस ऑफिसात, निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, गेलो.

तिथे रॉ फाइल्स एकापाठोपाठ एक उघडल्या. सेकंदाला बारा फ्रेम, म्हणजे दोन फ्रेममध्ये आठ शतांश सेकंद. हे अंतर गृहीत धरायचं नसतं. कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फोटो तात्पुरते साठवायची जागा, भरत आला की वेग पडतो आणि दोन फ्रेममधलं अंतर वाढतं. रात्री दिव्यांखाली फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक, टाळण्याची सोय चालू असेल तर कॅमेरा दिव्याच्या लहरीसाठी थांबून शटर सोडतो, तिथेही ताल बिघडतो. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून दिव्याखालच्या शर्यतींची स्वप्नं इथल्या सगळ्यांना पडतात. त्या फोटोंवर असा वाद आला तर वेळेचा हिशेब आणखी अवघड होईल. इथे ऊन होतं, बफर रिकामा होता आणि शतांश सरळ ओळीत पडत होते.

पहिली फ्रेम: गाडी चढावर, मागून रूस्ट. दुसरी: पुढचं चाक लिपच्या पुढे. तिसरी: मागचं टायर नेमकं लिपवर, मार्शलचा झेंडा त्याच्या गुडघ्याशी, गुंडाळलेला. चौथी: मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर, झेंडा कमरेशी, अर्धा सुटलेला. सातवी: झेंडा डोक्यावर. दहावी: उडीचा शेंडा, व्हिप पूर्ण, झेंडा पूर्ण. तिसऱ्या आणि दहाव्या फ्रेममध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त काळ. टेकऑफचा वेग ताशी पंचेचाळीसच्या आसपास धरला तर पहिल्या फ्रेमला गाडी लिपपासून दोन मीटरवर होती. तिथून थ्रॉटल सोडला तर उडी थांबत नाही. गाडीचं नाक खाली जातं आणि रायडर हँडलवरून पुढे फेकला जातो. आणि हवेत ब्रेक नसतो.

लेन्सने आणखी एक खोटं बोललेलं होतं. झेंडा रायडरच्या खांद्याला लागून दिसतो, पण मार्शल माझ्यापासून पंचवीस मीटरवर उभा होता आणि रायडर त्याच्या कितीतरी मागे. लांब लेन्स लांबून वापरली की मधली जागा चेपली जाते, शिवाय टेबलाने बाजू कापल्यामुळे दोघे जणू गळ्यात गळा घालून उभे. सरांना हे शब्दांत पटेना. शेवटी ऑफिसच्या दारातून बाहेरच्या दोन खांबांचा फोटो काढून दाखवला, तेव्हा पटलं.

मग दुसरा मुद्दा निघाला. तक्रारवाले म्हणाले, झेंडा नुसता धरला होता की हलवत होता? प्रश्न बरोबर होता आणि माझ्या फोटोत त्याचं उत्तर नाही. १/१६०० ला कापडाची प्रत्येक चुणी गोठते; हलणारा झेंडा आणि वाऱ्याने ताणलेला झेंडा सारखेच दिसतात. शेजारचा एक फोटोग्राफर आपला पॅनिंगचा फोटो घेऊन पुढे आला: बघा, झेंड्याची पिवळी रेघ उमटली आहे, म्हणजे हलत होता. त्याच्या फोटोत झाडं, बॅनर आणि शेजारी उभा असलेला मार्शलही रेघा झाले होते. कॅमेरा फिरवला की मागचं सगळंच रेघ होतं. पण त्याने ते इतक्या ठासून सांगितलं की दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

दंड झाला नाही. चौथ्याच्या गोटाने मला त्या मुलाच्या वडिलांचा माणूस ठरवलं, ते ठीक आहे. पण निकालाचं कारण म्हणून ‘फोटोंवरून सिद्ध झाले’ असं तोंडी सांगितलं गेलं, ते मला खटकलं. माझ्या फोटोंवरून एवढंच कळतं की लँडिंगच्या पोस्टवरचा, म्हणजे तिथल्या मार्शलच्या ठाण्यावरचा, झेंडा टेकऑफनंतर वर आला. उडीच्या आधी, चढाच्या अलीकडे आणखी एक पोस्ट होती. रायडरला वेळेत थांबवू शकणारा झेंडा तिथला होता. ती पोस्ट माझ्या फ्रेमच्या बाहेर होती, आणि तिथला मार्शल म्हणत होता की मी आधीच हलवला होता. कॉलेजातला मुलगा. सकाळी त्याला टोपी, नाश्त्याचं पुडकं आणि झेंडा मिळाला, आणि दहा मिनिटांचं मार्गदर्शन. इथल्या शर्यतींमध्ये लाखाच्या पुढच्या गाड्या आणि परदेशी सस्पेन्शन येतं, पण ज्याच्या हातात रायडरचा जीव आहे त्या माणसाला शिकवायला कुणाकडे अर्धा दिवस नसतो. ऑफिसात त्याला कुणी धड बसवून विचारलंही नाही. लॅपटॉप उघडा होता ना.

त्यामुळे रात्री घरी पहिल्या तीन फ्रेम मी शंभर टक्क्यांवर मोठ्या करून बघत बसलो. त्या मुलाने अलीकडचा झेंडा पाहिला होता का, याचा काही माग गाडीत सापडतो का, म्हणून. पहिल्या फ्रेममध्ये रूस्ट दणदणीत आहे, म्हणजे थ्रॉटल उघडा. दुसऱ्या फ्रेममध्ये रूस्ट जवळजवळ नाही. तिसऱ्यात अजिबात नाही. यावरून कुणी म्हणेल की त्याने थ्रॉटल सोडला, म्हणजे झेंडा पाहिला, मग मन बदललं किंवा उशीर झाला. हेल्मेटची दिशाही बघितली. ती लँडिंगकडे आहे, पण उडी घेणारा प्रत्येक रायडर तिथेच बघतो. उजवी तर्जनी ब्रेकच्या लिव्हरवर आहे, पण तीही बहुतेकांची कायम तिथेच असते.

पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टँकरवाल्याला फोन केला. मोटोंच्या मधल्या वेळात उडीवर पाणी कुठवर मारलं होतं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “चढाला दोन तृतीयांश मारतो दादा, वरचा भाग कोरडाच ठेवतो. लिप ओली झाली तर पोरं घसरतात.” म्हणजे ओल्या मातीची पट्टी पहिल्या फ्रेमच्या आसपास संपत होती. त्याच्या वरच्या कडक, कोरड्या मुरमावरून थ्रॉटल पूर्ण उघडा असता तरी ढेकळं उडाली नसती, फक्त धूळ उठली असती, आणि समोरून, चढत्या गाडीच्या आड, ती मला दिसलीच नसती.